एकाला एक, साताला नऊ

मंगळवार, ४ जुलै २०१७

आज गावचे मुखिया हाजी मुमिन स्वतः घरी आले. ईदची उरलेली बिस्किटं पुढे ठेवली, ती बोलता बोलता संपवली आणि मग विषयाला हात घातला.

"चिकगू, आपल्या सुलतानांचा डॉलर आणि सिंगापूरचा डॉलर, यांच्या कराराला यंदा पन्नास वर्षं झाली. सभागृहात व्याख्यान ठेवू म्हणतो. दोन्ही चलनांमधल्या विनिमय दराचा इतिहास. तुमच्याशिवाय आहे कोण?"

मी नाही म्हणण्याचा विचार केला, निदान तसा चेहरा केला, आणि मग हो म्हटलं. मुख्याध्यापक निवृत्त झाला की त्याला कुणी भरती-ओहोटीची वेळसुद्धा विचारत नाही. लोक अजून चिकगू म्हणतात, म्हणजे मास्तर, पण ते सवयीने.

शुक्रवार, २८ तारीख ठरली. रविवारी, ३० ला, आमच्या धाकटीचा, वाफाचा, साखरपुडा. रोकियाह कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, एका आठवड्यात दोन कार्यं कशाला ओढवून घेता?"

मी म्हटलं, एक तुझं, एक माझं. समसमान.

मुलगा सिंगापूरचा. हैरिल नाव, विमानांची इंजिनं दुरुस्त करतो. माझ्याशी बोलताना उभा राहतो, पाण्यावरच्या आमच्या घरात आला की फळ्या वाजू नयेत म्हणून हळू चालतो. तक्रारीला जागाच ठेवत नाही, एवढीच त्याच्याबद्दल तक्रार आहे.

गुरुवार, ६ जुलै

व्याख्यानाची तयारी सुरू. सकाळी बैठक मारली.

१९६७ : एकाला एक.
१९६८ : एकाला एक.
१९६९ : एकाला एक.

कॉफी झाली तेव्हा मी १९९० पर्यंत आलो होतो. इतक्या वेगाने कुठला इतिहास लिहून झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. जेवायच्या आत २०१७ गाठलं. मग जरा दचकलो. व्याख्यान पाऊण तासाचं आहे.

मधे १९७३ साली थोडी हालचाल आहे. तेव्हा चलनं तीन होती, आपलं, सिंगापूरचं आणि मलेशियाचं, आणि तिन्ही एकाला एक. मग मलेशिया पंगतीतून उठून गेला. आज त्यांचे तीनहून जास्त रिंगिट दिल्याशिवाय आपला एक डॉलर येत नाही. त्या दराचा इतिहास म्हणजे नुसते चढ, उतार, घसरगुंडी! मनात आलं, त्यावरच बोलावं. पण विषय तो नाही. आपला विषय शहाण्या मुलासारखा एका जागी बसून आहे.

शनिवार, ८ जुलै

बँकेत गेलो. काउंटरवर एक हसरी मुलगी होती. म्हटलं, सिंगापूर डॉलरचे वर्षवार दर हवेत.

"आजचा एक आहे, चिकगू."

"१९८५ चा?"

"एक."

"नक्की? तू तर तेव्हा जन्मलीही नव्हतीस."

"माझी आई होती इथे काउंटरवर. तीही एकच सांगायची."

मी तिला विचारलं, एखाद्या दिवशी, चुकून, दुपारपुरता तरी दीड झाला असेल का? तिने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि घरी कोण कोण असतं ते हलक्या आवाजात विचारलं. मुलगा नम्र आहे.

सोमवार, १० जुलै

रोकियाहने आज ताटांचा विषय काढला. मुलाकडचे सात ताटं आणणार. पानाच्या विड्याचं, अंगठीचं, कापडाचं, मिठाईचं, आणखी कसलीकसली. आपण उलट नऊ द्यायची. मुलीकडच्यांनी दोन जास्त द्यायची, ही रीत. तिच्या आईने दिली, माझ्या आईने घेतली.

मी इतकी वर्षं ही रीत पाहतो आहे, पण आज माझ्या डोक्यात दिवस-रात्र विनिमय दर. मी म्हटलं, "साताला नऊ? हा कुठला दर? दोन देश पन्नास वर्षं एकाला एकवर टिकून आहेत, आणि त्याच दोन देशांतली दोन घरं साताला नऊ करणार?"

"अहो, ती रीत आहे, बाजार नाही."

"मग तर बरोबरच हवं!"

ती उठून आत गेली. तिला मुद्दा पटला असावा.

खरं सांगायचं तर नऊ ताटांचं मला काही नाही. पण नऊ ताटं द्यायची आणि दहावी वाफा. ती ताटात मावत नाही म्हणून कुणी मोजत नाही. लग्नानंतर ती तिकडे जाणार, समुद्र ओलांडून, आणि माझ्या पदरात सात ताटं. हे वाक्य खोडायला हवं. पण पेन शाईचं आहे, घाण दिसेल. राहू दे.

बुधवार, १२ जुलै

आज स्वतःच विहीणबाईंना फोन केला. रोस्नानी त्यांचं नाव. व्हिडिओवर त्यांचं कायम कपाळच दिसतं. मागे त्यांच्या आईचा, नेनेक सोम यांचा, एक कान.

मी छोटंसं भाषण तयार ठेवलं होतं. म्हटलं, "विहीणबाई, तुमचा डॉलर आणि आमचा डॉलर यांत फरक नाही. मग तुमच्या ताटांत आणि आमच्या ताटांत का असावा? तुम्ही सात आणा, आम्ही सात देऊ. म्हणजे कसं, फिटंफाट! कुणाचं कुणाकडे काही राहायला नको."

विहीणबाई निःशब्द झाल्या. कपाळावर एक मोठी आठी दिसली, पण ती नेटवर्कमुळे असावी. नेनेक सोमांचा कान एकदम जवळ आला आणि फोन बंद झाला.

मोठी माणसं भारावली की अशीच गप्प होतात.

रविवार, १६ जुलै

वाफा जेवत नाही. उकाडा फार आहे. हैरिलचा फोन रोज संध्याकाळी यायचा, तो तीन-चार दिवस आला नाही. कामात असेल, विमानं काय सांगून बिघडतात?

रोकियाहचंही लक्ष नाही. परवापासून मला नुसता अंबुयात वाढते आहे, आंबट-तिखट चटणीशिवाय. साबुदाण्याचा तो गोळा चटणीशिवाय खाणं म्हणजे डिंक खाणं. मी म्हटलं, चटणी विसरलीस. ती म्हणाली, "तुम्ही सात माणसांना पुरेल एवढं बोलला आहात, आता चटणी कशाला?" काही अर्थ लागला नाही.

उरलेला अंबुयात मात्र वाया गेला नाही. त्याने आलेखाचे कागद एकमेकांना चिकटवले. छान पट्टा झालाय, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पन्नास वर्षं. मधोमध लाल रेघ. ती पट्टीनेच मारली, चुकायला वावच नव्हता.

जुमात होडीवाला मासळी द्यायला आला होता. बराच वेळ रेघेकडे बघून म्हणाला, "चिकगू, पाणी इतकं वर येणार आहे का हो?"

मंगळवार, १८ जुलै

आज मी पाण्यात पडलो असतो.

पलीकडच्या धक्क्यावर जायला जुमातच्या होडीत पाऊल ठेवलं, एक पाय फळीवर, एक होडीत, आणि जुमात म्हणतो, "वाईट झालं हो चिकगू. साखरपुडा मोडला म्हणे?"

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? तुमच्याच वाफाचा. अख्ख्या गावाला माहीत आहे. तुम्हीच मोडलात ना?"

होडी सरकायला लागली, मी दोन्हीकडे ताणला गेलो. जुमातने मला कमरेच्या कापडाला धरून आत ओढलं. मग सगळं सांगितलं. साताला सात देतात ते फक्त नकार देताना. तुमचं तुम्हाला परत, आमचं तुमच्याकडे काही नाही, या आता. आणि वर मी फिटंफाट म्हणालो होतो! नेनेक सोम तेव्हापासून अंथरुणाला खिळून आहेत, म्हणजे टीव्हीसमोरच्या, पण खिळून.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या बायकोने. मला सांगितलं, मुखियांना सांगितलं, मशिदीत बायकांना सांगितलं. म्हणाली, कुणीतरी यांना समजावा, माझं ऐकत नाहीत."

घरी आलो. वाफाच्या खोलीचं दार बंद होतं. दाराला तोंड लावून म्हटलं, "पोरी, माझ्या मनात तसं काही नव्हतं."

आतून आवाज आला, "मग काय होतं, बापा?"

मुख्याध्यापक म्हणून एकतीस वर्षं बोलत होतो, आणि पोरीच्या दारापुढे एक वाक्य येईना. शेवटी म्हटलं, "दर चुकला."

"मला दरात मोजू नका," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मीही तिथेच बसलो. रोकियाहने येऊन माझ्यासमोर चटणीची वाटी ठेवली आणि हातात फोन दिला.

गुरुवार, २० जुलै

परवा लगेच विहीणबाईंना फोन लावला होता. कपाळ लागलं. मी माफी मागितली. म्हटलं, चूक झाली, आम्ही नऊ देणार, हसत देणार.

कपाळ पहिल्यांदा सैल झालं. विहीणबाई म्हणाल्या, "नाही हो, चिकगू. तुम्हाला जड जात असेल म्हणूनच तुम्ही तसं बोललात. आम्हालाच वाईट वाटलं. आम्हीही नऊच आणू."

केवढा मोठेपणा! पण त्यांनी नऊ आणली, तर आपल्याला अकरा द्यायला नकोत? मी तसं म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, "अगं बाई, अकरा? मग आमची नऊ बरी दिसणार नाहीत. आम्ही अकरा आणतो."

मी तेरा म्हटलं. आज सकाळी त्यांचा निरोप आला, तेरा आणतो. मी पंधरा कळवलं. दोन्ही घरं इतकी सभ्य आहेत, की थांबायचं कुणी तेच कळत नाही.

शनिवार, २२ जुलै

त्यांची एकोणीस, आमची एकवीस.

मुखियांकडून ताटं मागून आणली, मशिदीतली आणली, जुमातने मासळीचं एक दिलं. ते घासून वाळत घातलंय, पण मांजर त्याच्यापासून हलत नाही. रोकियाह विचारते, एकवीस ताटांत ठेवायचं काय? तेराव्यापर्यंत तिचं डोकं चाललं. चौदाव्यात माझी न वापरलेली इस्त्री ठेवली आहे.

संध्याकाळी मी एक नवा आलेख काढला. सात, सात, नऊ, अकरा, तेरा. रेघ कशी चढत गेली आहे! पन्नास वर्षांत जे दोन सरकारांना जमलं नाही, ते आम्ही एका आठवड्यात केलं. बघून मला बरं वाटलं, हे नाकारत नाही.

वाफाने तो पाहिला. फळीवर उभी राहून ओरडली, पलीकडच्या घरांतून लोक बाहेर आले. "बापा! हैरिल म्हणतो त्याच्या आईने विमानाला सामान जास्त होतंय म्हणून त्याच्या बहिणीला मागे ठेवायचं ठरवलंय! ताटं येणार आणि माणसं राहणार! थांबवा हे!"

"मी कसा थांबवू? मी थांबलो तर तो अपमान."

"मग तुम्ही दोघं करा लग्न," ती म्हणाली आणि आत गेली.

पलीकडच्या घरात कुणीतरी हसलं. मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.

शुक्रवार, २८ जुलै

आज व्याख्यान झालं.

सिंगापूरची मंडळी कालच आली. हैरिलची बहीणही आली. सामानाचं काय झालं विचारलं, तर कुणी नीट सांगेना. शिष्टाचार म्हणून सगळे व्याख्यानाला आले आणि पुढच्या रांगेत बसले. विहीणबाईंचा पूर्ण चेहरा मी प्रथमच पाहिला. चांगला आहे. नेनेक सोमांना तर दोन कान निघाले.

मी आलेखाचा पट्टा भिंतीला लावला आणि सुरुवात केली. "१९६७, एकाला एक. १९६८, एकाला एक." १९७३ ला जरा आवाज चढवला, मलेशिया उठून गेला तिथे एक पॉज घेतला. १९७४ पासून माझी गाडी पुन्हा सपाटीला लागली. ऐंशी आलं तेव्हा मागच्या रांगा माझ्याबरोबर म्हणायला लागल्या. मी म्हणायचो "१९८४", आणि अख्खं सभागृह, "एकाला एक!" २०१७ ला टाळ्या पडल्या. मी पाऊण तासाची धास्ती घेतली होती, बारा मिनिटांत सगळं आटोपलं.

मुखिया म्हणाले, कुणाला शंका? शंका असायचं कारण नव्हतं. पण नेनेक सोमांनी हात वर केला.

"मास्तर, एकाला एक म्हणता. इथे सकाळी एका डॉलरचा नासी कातोक खाल्ला. भात, कोंबडीचा मोठा तुकडा, वर झणझणीत तिखट. आमच्याकडे एका डॉलरात धड कॉफी येत नाही. मग हे एकाला एक कसं?"

सभागृहात खसखस पिकली. मी म्हटलं, "आजी, तो भावाचा प्रश्न. दराचा नाही."

"बरं. मग तुमच्याकडची नोट मी दुकानात दिली, तर आमचा दुकानदार ती दोन्ही बाजूंनी का बघतो? घ्यावी तर लागते त्याला."

"ते... घेतो ना शेवटी?"

"घेतो. पण आधी त्याच्या पोराची चौकशी करावी लागते, त्याच्या गुडघ्याची करावी लागते. एकाला एक सरकारचं झालं. वरचं माझं मला घालावं लागतं." मग त्या काठी टेकत उभ्याच राहिल्या. "मास्तर, सरकारांना हिशेब मिटवायचा असतो. व्याह्यांचा मिटला की येणं-जाणं मिटलं. फिटलं की तुटलं. म्हणून मुलीकडचे दोन जास्त देतात, की आम्ही ते फेडायला येत राहावं. आणि पोरीला माहेर दिसत राहावं. तुम्ही फिटंफाट म्हणालात, मी फोनच बंद केला."

मी आलेखाकडे बघत होतो. तिकडे बघितलं, की चेहरा लोकांकडून लपतो.

"आणि एकोणीस-एकवीस हा वेडेपणा आहे," त्या विहीणबाईंकडे वळून म्हणाल्या. "जास्तीची ताटं मीच घरी ठेवून आले. हिला विमानतळावर कळलं. सात आणलीत, नऊ द्या. जेवण कधी आहे?"

विहीणबाई आधी लाल झाल्या, मग हसायला लागल्या, आणि त्यांच्यामागे रोकियाह. वाफा सगळ्यांत मागे उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने डोळे पुसले आणि नुसते ओठ हलवून म्हटलं, एकाला एक.

रविवार, ३० जुलै

झाला साखरपुडा. भरतीची वेळ साधून सात ताटं जुमातच्या होडीतून आली, नऊ गेली. मासळीच्या ताटावर आम्ही काही ठेवलं नव्हतं, तरी मांजर शेवटपर्यंत आशेने बसलं होतं. विहीणबाईंनी वाफाच्या बोटात अंगठी घातली. मी रडलो नाही. डोळ्यांत डिझेलचा धूर गेला. होडी तोपर्यंत लांब गेली होती म्हणून रोकियाह हसत होती.

मंगळवार, १ ऑगस्ट

मंडळी आज दुपारच्या विमानाने गेली. घर आवरताना लक्षात आलं, विहीणबाई आपली रिकामी ताटं परत नेताना दोन इथेच विसरल्या. जिन्याखाली, नीट फडक्यात बांधून, वर गाठ मारलेली. चांगली पितळेची आहेत. एवढी हुशार बाई, पण ताटं मोजायचं राहिलं. मी लगेच फोन केला. कपाळ हसत होतं. म्हणाल्या, "अगं बाई, राहिली का? आता तुम्हालाच आणून द्यावी लागतील हो, चिकगू."

म्हटलं, पोस्टाने पाठवतो. मागून रोकियाहने मला जोरात चिमटा काढला. मग म्हटलं, येतो घेऊन.

"बापा," वाफा म्हणाली, "रिकामी नाही हं न्यायची."

एवढं मलाही कळतं. कुणाचं भांडं रिकामं परत करतात का? रोकियाह म्हणते, दोन भरून न्यायची आणि वर आपली दोन. म्हणजे दोनाला चार. हा कुठला दर, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. मग हिशेब केला. आपली दोन तिकडे राहिली, की त्या ती परत करायला सहा घेऊन येतील. मग आपण आठ घेऊन जायचं. तोवर लग्न होऊन वाफा तिकडेच असेल.

मुखियांची ताटं परत केली, मशिदीतली परत केली. रोकियाहला सांगितलं, उद्या बाजारात जा आणि आपली स्वतःची घेऊन ये. स्वस्त घे, पण भरपूर घे.